आत्याबाईंची कंठमाळ

मी रोज देवापुढे दिवा लावते, पण देवावर कामं सोपवायची मला सवय नव्हती. सिलिंडर कधी संपेल, कोणाची गोळी कोणत्या डबीत आहे, गावाला जाताना कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची, हे सगळं मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे लिहून ठेवते आणि झालं की रेघ मारते. मी इथं तंजावूरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहाचं कार्यालय सांभाळते. मुलींच्या खोल्या, खानावळ, हरवलेल्या छत्र्या, सगळं माझ्याकडे. एखादी वस्तू कुठं आहे ते मला ठाऊक नसेल तर ती सापडेपर्यंत मला घास गोड लागत नाही. आमचे हे म्हणतात, तू वर गेलीस की चित्रगुप्ताला आधी खणांना चिठ्ठ्या चिकटवायला लावशील. अशा बाईच्या हातून हा अनुभव लिहिला जातो आहे, तेव्हा त्यात भाबडेपणा असेल तर तो माझ्या स्वभावाचा नाही, घडलेल्या गोष्टीचा आहे.

पुढं जाण्याआधी आमच्या घराबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर झालेला घोटाळा महाराष्ट्रातल्या वाचकांच्या लक्षात यायचा नाही. आमची कुटुंबं मराठी राजांच्या काळात इकडे आली आणि इथलीच झाली. घरात आम्ही अजून मराठी बोलतो, पण बाळबोध अक्षरं वाचणारे आता थोडे. मला वडिलांनी हट्टानं शिकवली म्हणून येतात. बाकी सगळे मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत. आणि तमिळ अक्षरांत क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांचंही तसंच. काय वाचायचं ते संदर्भावरून ओळखायचं. मी एकदा पानावर लिहिलं होतं, ‘आत्याबाईंना काठी आणणे’. धाकट्या दिरांनी ते ‘गाडी’ असं वाचलं आणि जेवताना गंभीरपणे विचारलं, “वैनी, आईला या वयात कोणती गाडी घ्यायची म्हणताय?” त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढं तीच गंमत आमच्या घराला कुठं नेणार होती याची कोणाला कल्पना नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात अजून सासूला आत्याबाईच म्हणतात. धाकटे दीर आणि सुगुणा, म्हणजे माझी जाऊ, आमच्याबरोबरच राहतात. सुगुणा लहान मुलांच्या शाळेत शिकवते, दिवसभर गाणी म्हणते आणि घरी येऊन पुन्हा आत्याबाईंना तीच गाणी म्हणून भरवते. कारण गेल्या काही वर्षांत आत्याबाईंची आठवण विरत गेली आहे. मला त्या कधी ‘वन्सं’ म्हणतात, कधी ‘टीचर’. स्वतःच्या मुलांना ‘हे कोण पाहुणे, यांस कापी द्या’ म्हणतात, कापी म्हणजे कॉफी. सुगुणाचं नावही त्यांना सांगता येत नाही, पण तिच्या हातचाच घास गिळतात.

त्या वर्षी सुगुणाच्या मानेवर, कानाच्या खाली, चिंचोक्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. मग तिच्या खाली दुसरी आली, आणि तिसरी. संध्याकाळी अंग कसकस करायचं. झंपर सैल व्हायला लागले तेव्हा ती म्हणाली, “अक्का, बघ, डाएट न करता बारीक झाले.” मी हसले नाही. दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. खोकला नव्हताच. गाठीत सुई घालून काढलेल्या पाण्याच्या अहवालात नक्की काहीच नव्हतं. हेही असू शकेल, तेही असू शकेल, आणखी तपासा. शेवटी मोठ्या रुग्णालयातल्या शल्यचिकित्सक बाईंनी सांगितलं की एक गाठ काढून तिची बायोप्सी करू, मगच बोलता येईल. त्या तरुण होत्या, घाईत असायच्या, पण खोटा धीर देत नव्हत्या. “लसिका ग्रंथींचा कॅन्सर आहे का ते बघायला हवं,” एवढंच त्या म्हणाल्या. घरी आल्यावर तो शब्द कोणीच उच्चारला नाही. आम्ही त्याला ‘ते’ म्हणायला लागलो. “ते नसेल.” “ते असलं तरी हल्ली बरं होतं.” घरात ‘ते’ एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखं येऊन बसलं होतं.

याच दिवसांत आत्याबाईंनी कंठमाळेचा ध्यास घेतला.

सुगुणा भरवायला बसली की त्या तिच्या खांद्यावरचा पदर ओढायच्या आणि म्हणायच्या, “कंठमाळ. हिची कंठमाळ पाहा गे. कोणी कसं पाहत नाहीत?” आम्हाला वाटलं, जुन्या एखाद्या दागिन्याची आठवण निघाली. कंठमाळ म्हणजे गळ्यातली माळ, दुसरं काय? मी त्यांना विचारलं, “कोणती कंठमाळ आत्याबाई? तुमची होती का?” त्या म्हणाल्या, “माझी नव्हे. थोरल्या बहिणीस होती. एकेक मणी करून वाढली. मग तिजबरोबर गेली.” एवढ्या दिवसांनी त्या इतकं सलग बोलल्या याचंच आम्हाला नवल. दीर म्हणाले, मावशीचा दागिना असेल, लग्नात तिच्याबरोबर सासरी गेला असेल. हे म्हणाले, मग आईला आता तो सुगुणाच्या गळ्यात का दिसतो? मला मात्र वस्तू हरवल्याचं कळलं की राहवत नाही. मी पानावर लिहिलं, ‘कंठमाळ शोधणे’. देव्हाऱ्याखालचा कप्पा, पितळेची भांडी ठेवलेली पेटी, आत्याबाईंच्या जुन्या पैठण्यांच्या घड्या, सगळं मी उपसलं. सापडली नाही. आत्याबाईंचं मात्र रोज चालू, “कंठमाळ पाहा गे.”

घरात एखादी वस्तू हरवली आणि एकाच माणसाकडे बोट रोखलं जात असलं, तर त्या माणसाला काय वाटेल हे मला सुचायला हवं होतं. एका संध्याकाळी सुगुणाला ताप होता. आत्याबाईंनी तिचा पदर ओढला आणि शेजारच्या मामी बसलेल्या असताना मोठ्यानं म्हणाल्या, “हिजपाशी आहे. लपवते.” सुगुणा खरंच पदर मानेभोवती घट्ट लपेटून घ्यायची, गाठी कोणाला दिसू नयेत म्हणून. मामी उठून गेल्या. सुगुणानं आत जाऊन आपली ट्रंक ओढत आणली आणि सगळे कपडे जमिनीवर ओतले.

“बघा,” ती म्हणाली. “तुम्ही सगळेच बघा. अक्का, तू तर घर पालथं घातलंस, एवढी ट्रंक तेवढी राहिली. कुठं आहे तुमची कंठमाळ?”

“ही काय,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या आणि तिच्या मानेकडे बोट केलं. “गळ्यातच तर आहे.”

आम्ही सगळ्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं. तिथं मंगळसूत्राची काळी पोत होती. सुगुणानं ती बोटात धरली. “ही का? ही घालायलाच नको होती मी, असं म्हणायचंय ना त्यांना?” मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती मागं सरली. बायोप्सी सोमवारी होती. तिनं सांगितलं, सोमवारी टाके घातले की मी कुंभकोणमला माहेरी जाईन, पुढं जे व्हायचं ते तिकडं होऊ दे. ज्या घरात माझ्या ट्रंकेवर नजर आहे तिथं मला मरायचं नाही. ‘मरायचं’ हा शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारला होता.

रविवारी मी मारियम्मनच्या देवळात गेले. शहराच्या पूर्वेला, भातशेतांच्या कडेला ते देऊळ आहे. आमची कुळस्वामिनी तुळजापूरची, पण ती लांब. आजारपणाचं गाऱ्हाणं आमच्या घरातून नेहमी मारियम्मनकडेच जातं. मूर्ती मातीची, म्हणून तिच्यावर पाणी घालत नाहीत, तेल आणि सुगंधी द्रव्यांचा लेप देतात. आवणी या तमिळ महिन्यातला रविवार देवीचा खास वार, त्यामुळे गर्दी फार. खरं सांगायचं तर मी भक्तीनं गेले नव्हते. मला काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं दुसरं उरलं नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की शरीराचा जो भाग दुखतो त्याचा पातळ पत्र्यावर ठसा उमटवलेला तुकडा विकत घ्यायचा आणि देवीच्या हुंडीत, म्हणजे दानपेटीत, टाकायचा. डोळे दुखत असतील तर डोळे, पाय असतील तर पाय. मूल हवं तर बाळाचा ठसा. मी मानेचा तुकडा टाकणार होते.

देवळाबाहेर असे तुकडे विकणारी एक बाई बसली होती. पुढ्यात लाकडी खोका, खोक्याला कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यावर तमिळ अक्षरांत रंगानं लिहिलेलं, डोळे, हात, पाय, पोट, घर. असे नीट नाव घातलेले कप्पे पाहिले की मला आपोआप वाचत जावंसं वाटतं. वाचता वाचता शेवटच्या, कोपऱ्यातल्या कप्प्यावर माझी नजर थांबली. रंग उडालेला होता, तरी अक्षरं लागत होती. कंठमाळ.

माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मला वाटलं, वा! हरवलेल्या दागिन्यांसाठीही तुकडा मिळतो तर. एकाच फेरीत दोन कामं होतील. मान बरी व्हायला मान टाकू आणि घरातलं भांडण मिटायला कंठमाळ टाकू. मी त्या कप्प्याकडे बोट करून म्हटलं, “ही माळ द्या, आणि एक मान द्या.”

बाईनं कप्प्यातून एकच तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यावर माळ नव्हती. हनुवटीपासून खांद्यापर्यंत एक मान होती, आणि कानाखालून गळ्याकडे उतरत जाणारे उंचवटे होते, मण्यांच्या ओळीसारखे.

“मान वेगळी, माळ वेगळी,” मी म्हटलं. “मला दागिन्याचा पाहिजे. हरवलाय.”

ती हसायला लागली. “दागिना हरवला तर पोलीस ठाण्यात जा की अम्मा, आई काय दागिने शोधून देत बसली आहे? हा दागिना नाही. हा रोग.”

“कोणता रोग?”

“लिहिलंय ना वर. कंडमालै. मानेत मणी मणी येतात तो. माझ्या सासूच्या वेळेला लोक मागायचे. आता कोण मागतं? एवढा एकच शिल्लक राहिलाय, म्हणून कप्पा ठेवलाय.” आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं आवाज उतरवला. “घरी कोणाला आहे का?”

मी तो तुकडा मुठीत धरून देवळाच्या पायरीवर बसले. एकच शब्द, शेवटचा ‘लै’ सोडला तर तमिळ अक्षरांत एकाच रीतीनं लिहिला जाणारा. मी कंठमाळ वाचली, तिनं कंडमालै. काठी आणि गाडी. मग मला आठवलं की वडिलांच्या जुन्या वैद्यकीच्या पोथीत ‘गंडमाळा’ असा शब्द मी लहानपणी वाचला होता आणि अर्थ विचारला तेव्हा ते म्हणाले होते, मोठी झालीस की कळेल. तो शब्दही त्याच अक्षरांत बसत होता, आणि आत्याबाईंच्या तोंडी त्या रोगाचंच नाव ‘कंठमाळ’ असणार. “थोरल्या बहिणीस होती. एकेक मणी करून वाढली. मग तिजबरोबर गेली.” मी आत्याबाईंचं वाक्य पुन्हा मनात म्हटलं. त्या सुगुणाकडे दागिना मागत नव्हत्या. त्या आम्हाला दाखवत होत्या. ‘कोणी कसं पाहत नाहीत’ हा आळ नव्हता, ती विनवणी होती.

मी तिथंच फोनवर तो शब्द शोधला. मानेतल्या ग्रंथींचा क्षयरोग, असं उत्तर आलं. मला एवढंच ठाऊक होतं की क्षय म्हणजे खोकला, छाती, रक्त. मानेला क्षय कसा होईल? फुप्फुसं स्वच्छ असताना तो ग्रंथींत, मणक्यात, पोटात, मेंदूच्या आवरणातही राहू शकतो हे मी त्या पायरीवर पहिल्यांदा वाचलं. गर्दी माझ्या दोन्ही बाजूंनी वर चढत होती आणि मी वाटेत बसून वाचत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बाई, देवी आत आहे, फोनमध्ये नाही.” मी त्यांना नमस्कार केला. मला त्या घटकेला तसं खात्रीनं म्हणता आलं नसतं.

सोमवारी सकाळी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर मी डॉक्टरीणबाईंना अडवलं. “हा गंडमाळेचा, म्हणजे ग्रंथींचा टीबी असू शकेल का?”

त्या थांबल्या. “असू शकेल. माझ्याही मनात आहे. सुईच्या तपासणीत जंतू दिसले नव्हते, पण तेवढ्यानं नाही म्हणता येत नाही. तुम्हाला कोणी सुचवलं?”

“सासूबाईंनी.”

“त्या डॉक्टर आहेत?”

“नाही. त्यांना माझं नाव आठवत नाही.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण हसल्या नाहीत. मी विचारलं, टीबीची वेगळी तपासणी आजच करता येईल का? त्यांनी हातातला कागद पाहिला आणि म्हणाल्या, “बायोप्सीचा अहवाल आल्यावर पुढचं ठरवू असं मी धरलं होतं. पण तुमचं बरोबर आहे. तो यायला दिवस लागतात. आणि नेहमीच्या पद्धतीनं सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली की झटपट तपासणीला ती चालत नाही. अर्धा तुकडा आपण नुसत्या सलाइनमध्ये ठेवू. बाटलीत पडायच्या आधी विचारलंत हे बरं झालं.” मग बोट उचलून त्यांनी बजावलं, “एक लक्षात ठेवा. होकार आला तर तो खरा धरता येईल. नकार आला तर टीबी नाहीच असं समजायचं नाही. ग्रंथीत जंतू थोडे असतात, यंत्राला प्रत्येक वेळी सापडत नाहीत.”

सुगुणानं हे ऐकलं. ट्रंक ओतली त्या संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलत नव्हती. आत जाताना मात्र वळून म्हणाली, “मला खोकला कुठं आहे, अक्का?” मी मूठ उघडून तिला तो पत्र्याचा तुकडा दाखवला. “ही बघ,” मी म्हटलं, “आत्याबाईंची कंठमाळ.” तिनं त्या मानेवरचे मणी पाहिले, मग नकळत स्वतःच्या मानेला हात लावला. काही बोलायच्या आत परिचारिकेनं तिला आत नेलं.

नमुना प्रयोगशाळेत मीच घेऊन गेले. मी विचारत सुटले तेव्हा तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं मला काचेबाहेर उभं राहायला सांगितलं, पण उत्तरं मात्र दिली. या तपासणीला सीबीनॅट म्हणतात. तुकडा बारीक वाटून एका द्रवात मिसळतात, तो द्रव शाईच्या डबीसारख्या दिसणाऱ्या एका बंद कुपीत घालतात आणि कुपी यंत्राच्या छोट्या दाराआड ठेवतात. “मग ते सूक्ष्मदर्शकातून जंतू बघतं का?” मी विचारलं. ती म्हणाली, “नाही, जंतू दिसावा लागतच नाही. त्याच्या आत त्याची स्वतःची अशी एक ओळख असते. ती कणभर असली तरी यंत्र तिच्या प्रती काढत जातं, प्रतींच्या प्रती, वाचता येईपर्यंत.” मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही हेही त्यातूनच कळतं, आणि सगळं एक-दोन तासांत.

यंत्राचं दार बंद झालं आणि एक हिरवा दिवा लागला. मी बाकावर बसले. मला एरवी बसून राहता येत नाही. पण तिथं शिवणं, निवडणं, विचारणं, काहीच हाती नव्हतं. त्या दाराकडे पाहताना मला देव्हाऱ्यासमोर कधी न आलेली एकाग्रता आली. मनात सारखं एकच फिरत होतं. आत्याबाईंचं सगळं पुसलं गेलं, मुलं, नातवंडं, स्वतःचं लग्नही. कणभर एक शब्द मात्र कुठंतरी तग धरून होता आणि त्याच्या प्रती निघत राहिल्या, रोज, प्रत्येक घासाला, कोणाला तरी वाचता येईपर्यंत. वाचता आम्हाला येत नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता हात जोडले. जे असेल ते असू दे, आई, फक्त त्याचं नाव कळू दे, एवढंच म्हटलं.

होकार आला. क्षयाचे जंतू आहेत, आणि मुख्य औषधाला ते जुमानतील. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. “रोग आहे हो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही पेढे वाटल्यासारखे चेहरे करू नका.” बायोप्सीचा अहवाल नंतर आला तेव्हा त्यातही तेच होतं, आणि ‘ते’ नव्हतं. ग्रंथींचा क्षय शिंकेतून, ताटातून पसरत नाही, हिला वेगळं बसवू नका, पण घरातल्या सगळ्यांनी एकदा तपासून घ्या, असं त्यांनी सांगितलं. औषधं सहा महिने तरी, एकही दिवस न चुकवता.

त्या सोमवारी कुंभकोणमच्या बसची वेळ टळून गेली होती. सुगुणा मानेवर पट्टी घेऊन घरी आली ती सरळ आत्याबाईंच्या पलंगापाशी गेली आणि खाली बसली. तिनं आपण होऊन पदर बाजूला केला. आत्याबाईंची बोटं पट्टीच्या कडेनं फिरली आणि उरलेल्या गाठींवर थांबली. “कंठमाळ,” त्या म्हणाल्या.

“होय आत्याबाई. पाहिली सगळ्यांनी.”

“औषध आहे काय?”

“आहे.”

आत्याबाईंनी तिचा पदर पुन्हा खांद्यावर ओढून दिला. “थोरलीस नव्हतं,” त्या म्हणाल्या. सुगुणानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. पहिल्याच सकाळी लघवी केशरी झाली म्हणून सुगुणा ओरडली. तो औषधाचा रंग आहे हे मला आधी सांगितलेलं होतं आणि मीच तिला सांगायला विसरले होते. पुढं गाठी कमी व्हायच्या ऐवजी एक गाठ आणखी फुगली. पुन्हा भीती, पुन्हा रुग्णालय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंही होतं, औषध काम करत असताना शरीर आतून झगडतं तेव्हा सूज वाढते, गोळ्या थांबवू नका. त्या दिवसांत मला खरी शिकवण मिळाली. देवळातली खूण मिळाल्यावर विश्वास ठेवणं सोपं होतं. गाठ डोळ्यांदेखत वाढत असताना रोज सकाळी तीच गोळी तिच्या तळहातावर ठेवणं अवघड होतं. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मी समजत आले होते. पण मी गोळ्या मोजल्या, वजन लिहिलं, क्षयाच्या औषधांच्या केंद्रावर फेऱ्या घातल्या, सगळं केलं. फक्त फळ माझ्या पानावर लिहिलं नाही.

उपचार संपल्यावर आम्ही दोघी मारियम्मनला गेलो. तो तुकडा मी एवढे दिवस देव्हाऱ्यात ठेवला होता. तुकडे विकणाऱ्या बाईच्या खोक्यातला तो कोपऱ्यातला कप्पा रिकामाच होता. तिनं सुगुणाच्या मानेकडे पाहिलं, तिथला छोटा व्रण पाहिला, आणि म्हणाली, “आता हा कप्पा मी दुसऱ्या कशाला तरी वापरते.” सुगुणानं तुकडा हुंडीत टाकला. पत्रा पत्र्यावर पडल्याचा बारीक आवाज झाला, तेवढाच.

मला अजून पुष्कळ विचारायचं असतं. आत्याबाईंनी ओळखलं होतं, की बहिणीची आठवण नुसती ओठांवर येत होती? त्या दिवशी मी कप्पे वाचत बसले नसते तर? शेवटचाच तुकडा उरलेला का होता? यातला चमत्कार कोणता आणि योगायोग कोणता, याच्या चिठ्ठ्या मला चिकटवता येत नाहीत, आणि आता मी त्या खटपटीत पडत नाही. देवीचे उपकार मानते, त्या यंत्राचे, डॉक्टरीणबाईंचे, आणि जिला मी विसरभोळी समजत होते तिचे मानते.

गेल्या आठवड्यात सुगुणा आत्याबाईंना इडली भरवत होती. आत्याबाईंचा हात सवयीनं तिच्या मानेवर गेला. बोटं कानाखालून गळ्यापर्यंत उतरली, पुन्हा वर गेली, चाचपत राहिली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“कंठमाळ कुठं गेली गे?”

“हरवली, आत्याबाई,” सुगुणा म्हणाली.

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “मी बघते हं—”

आत्याबाईंनी माझ्याकडे मान वळवली. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “शोधू नको.”